समुद्र नसलेल्या गावात बसून समुद्रावर पीएचडी

पोरी,

तुझी एक्सेल शीट बघितली. तीन टॉपिक, प्रत्येकापुढे गेल्या पाच वर्षांतली सायटेशन्स (म्हणजे किती पेपरांनी त्याचा संदर्भ दिला), हिरवा पिवळा लाल असे रंग पण भरलेत, आणि खाली प्रश्न की मॅडम यातला कुठला घेऊ म्हणजे इम्पॅक्ट जास्त पडेल. मेहनत घेतलीयस, दिसतंय. पण या शीटवरून तुला एवढंच कळणार की गेली पाच वर्षं लोक कशाच्या मागे धावत होते, आणि तू थिसिस देऊन बाहेर पडशील तोवर अजून पाच वर्षं गेलेली असतील आणि ते लोक भलतीकडेच धावत असतील.

त्यापेक्षा एक काम कर. टॉपिक ठरवायच्या आधी कुठल्या तरी एकाच माणसाचे पेपर घे आणि तारखेच्या क्रमाने वाच, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सगळी समीकरणं सोडवत बसायची गरज नाही. प्रत्येक पेपरला तीनच गोष्टी बघायच्या, प्रश्न काय होता, डेटा कुठला होता, आणि उत्तर मिळाल्यावर काय शिल्लक राहिलं ज्यातून पुढचा पेपर निघाला. हे तिसरं महत्त्वाचं. रिव्ह्यू आर्टिकलमध्ये ते दिसत नाही कारण तिथे सगळं कसं इस्त्री करून घडी घालून ठेवलेलं असतं.

माणूस मीच सुचवते, सुलोचना गाडगीळ. जन्म पुण्याचा, १९४४ चा, आणि २०२५ मध्ये गेल्या. आता तू म्हणशील त्या तर मान्सूनवाल्या, त्यांना ओशनोग्राफर कसं म्हणायचं. तर पीएचडी हार्वर्डची, १९७० ची, आणि विषय गल्फ स्ट्रीम. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागून जाणारा तो गरम पाण्याचा प्रवाह, किनारा सोडला की नागमोडी वळायला लागतो, ती वळणं कशी पडतात आणि समुद्राच्या तळाच्या चढउताराचा त्यात हात किती, हा सगळा समीकरणांचा खेळ. हेन्री स्टॉमेल नावाच्या माणसाने १९४८ मध्ये एका छोट्याशा पेपरात दाखवलं होतं की असे जोरदार प्रवाह महासागरांच्या पश्चिम काठालाच का असतात (पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम अक्षांशाप्रमाणे बदलतो म्हणून), त्या घराण्यातलं हे काम. स्टॉमेलकडे स्वतःकडे पीएचडी नव्हती बरं का, हे तुझ्या आईला मात्र सांगू नकोस.

अशी समीकरणात मुरलेली बाई १९७१ मध्ये परत येते आणि पुण्यात आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत पूल ऑफिसर (परदेशातून परतलेल्या शास्त्रज्ञांसाठीची तात्पुरती नेमणूक) म्हणून बसते. तेव्हा आयआयटीएम पाषाणला नव्हती, युनिव्हर्सिटी रोडवर रामदुर्ग हाऊसमध्ये होती. तिथे अनंतकृष्णन, सिक्का अशी मंडळी, ज्यांचं आयुष्य हवामानाचे नकाशे बघण्यात गेलेलं. दोनेक वर्षांनी त्या बंगलोरला आयआयएससीला, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत, गेल्या आणि पुढचं सगळं करिअर तिथलंच, पण पुण्यातल्या त्या लोकांशी जुळलेलं नातं पुढे कामाला आलं. तुला समुद्र नसलेल्या गावात समुद्र शिकायची लाज वाटते ना, नातेवाईक विचारतात की अगं पुण्यात कुठाय समुद्र, मुळामुठेवर पीएचडी करणार का. त्यांना सांग की आपल्याकडे पडणाऱ्या पावसाची चावी इथून हजारो किलोमीटरवर विषुववृत्ताच्या पाण्यात आहे आणि ती शोधणाऱ्यांपैकी बरेच जण याच गावात बसून काम करत होते.

आता वाचायला सुरुवात कर ती १९८० च्या पेपरपासून, सिक्का आणि गाडगीळ, मंथली वेदर रिव्ह्यू. यात काय केलंय ते ऐक, कारण आजच्या पोरांना हे सांगितलं की हसतात. उपग्रहाचे रोजचे फोटो घ्यायचे, भारताच्या रेखांशावर ढगांचा सगळ्यात दाट पट्टा आज कुठल्या अक्षांशावर आहे ते बघायचं आणि मांडायचं. उद्याचा घ्यायचा, परत मांडायचं. असे एप्रिल ते ऑक्टोबर, आणि एक वर्ष नाही, ओळीने काही वर्षं. बस्स. कुठलंही मोठं मॉडेल नाही. आणि त्यातून दिसलं काय, तर पावसाळ्यात ढगांचे दोन पट्टे असतात, एक आपल्या जमिनीवर आणि एक खाली विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर, आणि जमिनीवरचा पट्टा मरगळला की दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने समुद्रावरचा पट्टा सरकत सरकत वर येतो आणि जमिनीवरच्या पट्ट्यात परत जीव भरतो. म्हणजे जुलै ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली, खडकवासल्यातून सोडलेलं पाणी कमी झालं, भिडे पूल वाहतुकीला खुला झाला अशा बातम्या आपण वाचत असतो, तेव्हा पुढच्या पावसाची तयारी कदाचित मालदीवच्या खाली चाललेली असते. दर गुरुवारी हवामान खात्याचा पुढच्या काही आठवड्यांचा जो अंदाज येतो ना, त्याच्या मुळाशी ही उत्तरेकडे सरकणारी पट्ट्यांची चाल आहे. १९८० मध्ये हे छापून आलं तेव्हा असा अंदाज निघेल असं कोणाच्या डोक्यातही नसावं. तुझ्या पाच वर्षांच्या सायटेशनच्या रकान्यात हे कसं बसवशील सांग.

हा प्लॉट तू स्वतः कर. आता बाहेर जाणाऱ्या उष्णतेच्या लहरींचा रोजचा उपग्रह डेटा फुकट मिळतो, एक वर्ष डाउनलोड कर, सत्तर ते नव्वद रेखांशाची सरासरी काढ, आडवी तारीख, उभा अक्षांश. रंग भरले की तिरके पट्टे दिसतील, खालून वर डावीकडून उजवीकडे चढणारे. पायथनमध्ये दहा ओळींचं काम आहे. पण मग प्रिंट काढ आणि पेन्सिलने प्रत्येक पट्टा कुठे सुरू झाला कुठे विरला ते स्वतः आख. जिथे पट्टा चढायला निघाला आणि अर्ध्यातच मेला तिथे गोल कर. मला ते गोल हवेत, पट्टे नकोत. पट्टे सगळ्यांना माहितीयेत.

इथेच मला तुला जे सांगायचंय ते सुरू होतं. या बाईंचं सगळं करिअर तू ओळीने वाचलंस तर तुझ्या लक्षात येईल की त्या कायम बसत नसलेल्या गोष्टीच्या मागे गेल्या. एखादं छान, गुळगुळीत, सगळ्यांना पटलेलं स्पष्टीकरण असतं आणि एक दोन वर्षं अशी असतात की ती त्यात बसतच नाहीत. बाकीचे म्हणतात अपवाद आहे, नियम सिद्ध झाला. त्या म्हणत, नाही, मग नियमच परत बघू.

सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे शाळेतलं. आपण सगळ्यांनी भूगोलात लिहिलंय की उन्हाळ्यात जमीन तापते, समुद्र थंड राहतो, हवा समुद्राकडून जमिनीकडे येते, झाला मान्सून. हॅलीने १६८६ मध्ये मांडलेली कल्पना, तोच धूमकेतूवाला हॅली. आता जरा विचार कर, आपल्याकडे जमीन सगळ्यात जास्त कधी तापते? मे महिन्यात. पाऊस सगळ्यात जास्त कधी? जुलै ऑगस्टमध्ये, जेव्हा जमीन चांगली गार झालेली असते. आणि दुष्काळाच्या वर्षी जमीन जास्त तापलेली असते की कमी? जास्त, कारण पाऊसच नाही. मग जास्त तापलेल्या जमिनीने जास्त पाऊस ओढायला नको का? जॉर्ज सिम्पसनने १९२१ मध्येच ही शंका काढली होती, तो हवामान खात्यातलाच माणूस. तरी शंभर वर्षं आपण तेच पुस्तकात छापतोय. गाडगीळ मॅडमनी २०१८ मध्ये, म्हणजे सत्तरी ओलांडून चार वर्षं झाल्यावर, याच्यावर एक मोठा पेपर लिहिला, की मान्सून म्हणजे महाकाय खारे वारे नव्हेत, विषुववृत्ताजवळचा जो पावसाचा पट्टा जगभर फिरतो तो उन्हाळ्यात आपल्या अंगावर चढून येतो, तो मान्सून. आता यावर सगळ्यांचं एकमत आहे असं समजू नकोस, जमीन समुद्र तापण्यातला फरक काहीच करत नाही असंही कोणी म्हणत नाही. पण युक्तिवाद कसा बांधलाय ते बघ. गणित अगदी कमी, आणि सगळा भर फक्त एवढ्यावर की बाबांनो तुमचं म्हणणं खरं असेल तर अमुक वर्षी अमुक दिसायला हवं होतं, ते दिसतंय का?

मधे १९८४ चा नेचरमधला पेपर येईल, पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्याबरोबरचा. मला स्वतःला हा सगळ्यात आवडतो आणि हाच सगळ्यात चुकीचा वापरला जातो. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आडवं घेतलं आणि त्यावर ढग किती दाट जमतात ते उभं. लोकांची अपेक्षा काय असणार, एक तिरकी रेष, पाणी जितकं गरम तितके ढग जास्त. तशी रेष आलीच नाही. साधारण २८ अंशांच्या खाली मोठे ढग जवळपास नाहीतच, आणि २८ च्या वर काहीही, कुठे प्रचंड ढग तर कुठे स्वच्छ आकाश. दहावीच्या पासिंगसारखं आहे ते, पस्तीसच्या खाली नापास नक्की, पण पस्तीसच्या वर गेलेल्या सगळ्यांना नव्वद मिळतात असं नाही. म्हणजे गरम पाणी लागतंच, पण पुरत नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घे कारण तुला हे पुढे रोज लागणार आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी बंगालचा उपसागर आणि आपल्या आजूबाजूचा बराचसा समुद्र त्या रेषेच्या वरच असतो. मग तो अर्धा अंश अजून तापला म्हणून पाऊस तितका वाढला हे वाक्य आपोआप खरं ठरत नाही. टीव्हीवर कोणी तरी नकाशातला लाल रंग दाखवून म्हणतं अरबी समुद्र तापलाय म्हणून ढगफुटी झाली, आणि उद्या तुला पण एखाद्या चॅनलवाल्याचा फोन येईल, दोन मिनिटांत सांगा म्हणेल, तेव्हा हा प्लॉट डोळ्यासमोर आण आणि मग बोल. समुद्र तापतोय हे खरंच आहे, हिंदी महासागर तापण्यावर पाषाणमध्ये खूप चांगलं काम झालंय, ते वाच. फक्त तापमान आणि पाऊस यांच्यामध्ये वारा, दमटपणा, वरच्या हवेतलं काय काय असतं ते एका वाक्यात गिळून टाकायचं नाही.

आता ज्या दोन वर्षांसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ती. १९९७ आणि २००२.

त्याला आधी थोडी पार्श्वभूमी. सिमला ऑफिस चौकातून तू रोज जातेस, ते नाव हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं म्हणून. त्याच खात्याचे प्रमुख होते गिल्बर्ट वॉकर, पुण्याच्या आधीच्या काळातले, १९०४ ते १९२४. मान्सूनचा अंदाज बांधायला त्यांनी जगभरचे हवेच्या दाबाचे आकडे ताडून बघितले आणि त्यात प्रशांत महासागराच्या दोन टोकांमधला झोका सापडला. पुढे त्याची सांगड एल निनोशी, म्हणजे दर काही वर्षांनी प्रशांतचं विषुववृत्तावरचं पाणी तापतं त्याच्याशी लागली, आणि आपल्या दुष्काळाशी त्याचा संबंध ठळकपणे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत आपले सिक्काच होते, तेही १९८० मध्येच. एल निनो आला की मान्सूनवर संक्रांत, हे समीकरण तेव्हापासून पक्कं होत गेलं, आता तर शेअर मार्केटवाले पण एल निनोवर बोलतात.

तर १९९७. शतकातल्या सगळ्यात जोरदार एल निनोंपैकी एक. सगळे धास्तावलेले. आणि पाऊस पडला सरासरीच्या १०२ टक्के. लोकांनी लगेच म्हणायला सुरुवात केली की एल निनो आणि मान्सूनचा संबंध आता तुटला. मग २००२. एल निनो होता पण १९९७ च्या मानाने फारच किरकोळ, अंदाज नॉर्मल पावसाचा, आणि जुलै असा गेला की देशभरात जुलैचा पाऊस निम्म्यावर आला. पूर्ण हंगामात १९ टक्के तूट. जुलै कोरडा म्हणजे काय ते तुझ्या आजोबांना विचार, पेरलेलं वाळून जातं, दुबार पेरणीला बियाणं कुठून आणायचं. सगळीकडून टीका, हवामान खात्याची खिल्ली, विनोद.

त्या वेळी गाडगीळ, श्रीनिवासन, नंजुंडैया आणि आयआयटीएमचे कृष्णकुमार, मुणोत, रूपकुमार यांनी मिळून करंट सायन्स या नियतकालिकात २००२ च्या त्या विचित्र हंगामावर लिहिलं. माझा सल्ला असा की हा लेख दोनदा वाच, एकदा मजकुरासाठी आणि एकदा सुरासाठी. कोणावर तोंडसुख घेतलेलं नाही, स्वतःची बाजू पण सावरून धरलेली नाही, सरळ विचारलंय की मागच्या सव्वाशे वर्षांचा पाऊस आणि आपल्याकडची मॉडेलं बघता हे आधी कळू शकलं असतं का. लोक चिडलेले असताना असं लिहिणं सोपं नसतं.

आणि मग २००३ आणि २००४ मध्ये उत्तर आलं, विनयचंद्रन आणि फ्रान्सिस यांच्याबरोबर. सगळे प्रशांतकडे बघत होते, यांनी घरचा समुद्र बघितला. विषुववृत्तावर हिंदी महासागराचा पश्चिम भाग, आफ्रिकेच्या बाजूचा, आणि पूर्व भाग, सुमात्राच्या बाजूचा. कधी ढग पश्चिमेला जमतात आणि पूर्वेचं आकाश मोकळं राहतं, कधी उलट. विषुववृत्तावरचा वारा पण त्याप्रमाणे दिशा धरतो. पश्चिमेला ढग जमले की आपल्याला चांगलं, पूर्वेला जमले की वाईट. या झोक्याला त्यांनी इक्विनू नाव दिलं. आता १९९७ बघ, एल निनो वाईट पण इक्विनू भरभक्कम चांगला, दोघांची कुस्ती बरोबरीत सुटली. २००२ बघ, एल निनो किरकोळ पण इक्विनू पण वाईट, दोघं एकाच बाजूला. १९९४ मध्ये भरपूर पाऊस का झाला याचं कोडं पण तिथेच सुटतं.

२००४ च्या पेपरातली ती आकृती मोठी करून बघ. आडव्या अक्षावर एल निनोचा निर्देशांक, उभ्यावर इक्विनूचा, आणि १९५८ पासूनचा प्रत्येक पावसाळा म्हणजे एक ठिपका. मधून एक तिरकी रेष. रेषेच्या एका बाजूला एकही दुष्काळ नाही, दुसऱ्या बाजूला एकही अतिपावसाचं वर्ष नाही. मी ती आकृती पहिल्यांदा बघितली तेव्हा बराच वेळ एकेक वर्ष बोटाने शोधत बसले होते, १९७२ कुठाय, १९८७ कुठाय, १९८८ कुठाय. तू पण कर.

इथे एक तिढा आहे आणि तो तुला मुलाखतीत विचारतील. त्याच्या थोडंच आधी, १९९९ मध्ये, साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी हिंदी महासागरातला डायपोल मांडला होता, पूर्व पश्चिम पाण्याच्या तापमानातला झोका, तो आज जगभर प्रसिद्ध आहे, पेपरात पण आयओडी म्हणून येतो. मग इक्विनू वेगळा कशाला, डायपोलचंच दुसरं नाव का नाही? गाडगीळांचं म्हणणं असं की डायपोल हा पाण्याचा भाग आणि इक्विनू हा हवेचा, जोरदार वर्षांमध्ये दोन्ही हातात हात घालून चालतात पण बाकीच्या वर्षांमध्ये नाही, आणि पावसाशी घट्ट संबंध दिसतो तो हवेच्या भागाचा. प्रसिद्धीत डायपोल कितीतरी पुढे गेला. सायटेशन मोजलीस तर सामना एकतर्फी आहे. पण आपला पाऊस समजून घ्यायचा असेल तर मला विचारशील तर मी इक्विनूची बाजू घेईन, आणि दोन्ही पेपरांवर विनयचंद्रन यांचं नाव आहे हे पण बघून ठेव, म्हणजे कळेल की ही भांडणं पार्टी पाडून होत नसतात.

आणि अजून एक. आपली मोठमोठी मॉडेलं, इथल्या सुपरकॉम्प्युटरवर चालणारी, परदेशातली, बहुतेकांना एल निनोचा धागा बरोबर पकडता येतो, काही तर जरा जास्तच पकडतात, पण इक्विनूचा धागा निसटतो. गाडगीळ आणि मंडळींनी हे पुन्हा पुन्हा दाखवलं. हा प्रश्न अजून पडलेला आहे, कोणी सोडवलेला नाही. तुझ्या शीटमध्ये तो नाहीये. का नाहीये याचा विचार कर.

तुझा दुसऱ्या नंबरचा टॉपिक मशीन लर्निंगचा आहे, त्यावर बोलते नाहीतर म्हणशील मॅडम जुन्या जमान्यातल्या. माझा विरोध अजिबात नाही, शिक, यायलाच हवं. पण हिशेब बघ. उपग्रहांचा नियमित डेटा सत्तरच्या दशकापासून, म्हणजे पावसाळे जेमतेम पन्नास. त्यातले खरे दुष्काळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एवढ्या डेटावर शिकवलेलं यंत्र नेहमीच्या वर्षांना छान जमतं आणि १९९७, २००२ सारखी वर्षं त्याला आउटलायर, म्हणजे बाजूला पडलेले ठिपके, वाटतात. मी अशा मीटिंगला बसलेय जिथे एक जण शांतपणे म्हणाला की तो एक ठिपका काढला तर कोरिलेशन किती सुंदर येतं बघा, आणि टेबलाभोवतीचे सगळे मान हलवत होते. कोण कुठला ते सोड. तो ठिपका म्हणजे आंध्रात, मराठवाड्यात, कुठे कुठे गेलेला एक अख्खा हंगाम असतो.

आंध्र म्हटल्यावर आठवलं, हे पण वाच, कारण ओशनोग्राफीवाल्यांना वाटतं आपलं काम किनाऱ्यापाशी संपतं. अनंतपूर भागात कोरडवाहू भुईमुगावर गाडगीळ मॅडमनी शेषगिरी राव यांच्यासारख्या शेतीतल्याच माणसाबरोबर काम केलं. तिथल्या शेतकऱ्यांनी मिश्र पिकं सोडून भुईमूग धरलेला, त्यामुळे पेरणी कधी करावी याबद्दल बापजाद्यांचं शहाणपण या पिकाला लागूच पडत नव्हतं. मग जुन्या पावसाच्या नोंदी घेतल्या, पिकाचं मॉडेल घेतलं, आणि कधी पेरलं तर पीक बुडण्याचा धोका कमी ते काढलं. यात पंडित विरुद्ध अडाणी असा सूर नाही, प्रश्नच शेतकऱ्यांशी बोलून ठरवलेले. आणि २००६ मध्ये ईपीडब्ल्यू या अर्थशास्त्राच्या साप्ताहिकात मुलाबरोबर, सिद्धार्थ गाडगीळ, गणितज्ञ आहेत, एक लेख लिहिला की मोठ्या दुष्काळाचा फटका देशाच्या उत्पन्नाच्या २ ते ५ टक्के इतका बसतो आणि शेती सुधारली, उद्योग वाढले तरी तो तेवढाच राहिलाय. आणि तूट जितकं बुडवते तितकं जादा पाऊस कमवून देत नाही. गल्फ स्ट्रीमच्या वळणांपासून जीडीपीपर्यंत, आणि तरी तू क्रमाने वाचलंस तर कुठेही उडी मारल्यासारखं वाटत नाही.

प्रॅक्टिकल गोष्टी पटापट सांगते. गाईड निवडताना त्याचा एच इंडेक्स (सायटेशन्सवरून काढलेला आकडा) नंतर बघ, आधी त्याच्या जुन्या दोन तीन विद्यार्थ्यांना फोन कर आणि विचार की तुमचं गाईडशी न पटलेलं असं काही पेपरात छापून आलंय का. हो म्हणाले तर तिकडे जा. फेलोशिपचे पैसे उशिरा येतात, सगळीकडे येतात, तेवढी सोय घरच्यांशी आधी बोलून ठेव. रिव्ह्यूअरच्या कॉमेंटला त्याच दिवशी उत्तर लिहू नकोस.

आणि एकदा तरी जहाजावर जा. गोव्याच्या एनआयओ या समुद्रविज्ञान संस्थेशी नाही तर हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्राशी बोलू, जागा मिळते, विद्यार्थ्यांना मिळते. आता अर्गो फ्लोट, म्हणजे आपोआप मोजमाप करणारी तरंगती यंत्रं आहेत, जगभर चार हजारांच्या आसपास, दहा दिवसांतून एकदा २००० मीटर खाली जाऊन वर येऊन उपग्रहाला आकडे पाठवतात, त्यामुळे हॉस्टेलवर बसून पीएचडी होते, मान्य. तरी जा. १९९९ च्या जुलै ऑगस्टमध्ये सागरकन्या आणि सागरध्वनी ही दोन जहाजं भर पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात नेली होती, बॉबमेक्स, त्या मोहिमेच्या मागे पण गाडगीळ आणि भट ही मंडळी होती. पावसाळ्यात उपसागरावर काय होतं ते तिथे जाऊन मोजल्याशिवाय कळणार नाही हा हट्ट.

जहाजावर गेलीस की सीटीडी, म्हणजे खोलीप्रमाणे तापमान आणि क्षारता मोजणारं यंत्र, सोडताना लॅबमध्ये स्क्रीनसमोर उभी राहा. बाहेर डेकवर ती गोल फ्रेम, भोवती उभ्या बाटल्या, विंच करकरत वायर सोडतंय, आणि आत स्क्रीनवर दोन रेघा खाली उतरत जातात, एक तापमानाची एक क्षारतेची. अरबी समुद्रात दोन्ही बऱ्यापैकी एकत्र वळतात. उपसागरात मात्र क्षारतेची रेघ वरच्या काही मीटरातच झपकन वळते, कारण वर गंगा ब्रह्मपुत्रेचं आणि पावसाचं गोडं पाणी पसरलेलं असतं, हलकं, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळायला तयार नसलेलं. तापमानाची रेघ अजून सरळच चाललेली असते. या दोन वळणांमधला जो थर, त्याच्यामुळे खालचं थंड पाणी वर यायला अडतं आणि उपसागर वादळपावसानंतर चार दिवसांत परत २८ च्या वर जातो. हे पुस्तकात वाचून मला माहीत होतंच, पण रेघ वळताना बघितल्यावर त्या १९८४ च्या पेपरातला उभा आडवा अक्ष एकदम खरा वाटायला लागला. उलट्या होतील, पहिले दोन दिवस जेवण जाणार नाही, आल्याच्या वड्या घेऊन जा, चितळ्यांची बाकरवडी पण ने पण ती स्वतःसाठी नाही, क्रूसाठी, त्याने कामं लवकर होतात.

टॉपिक आत्ता ठरवू नकोस. रजिस्ट्रेशनला अजून वेळ आहे. तोवर १९८०, १९८४, २००२ चा करंट सायन्सवाला, २००४ चा, आणि २०१८ चा असे पाच पेपर वाच, मधे २००३ चा अॅन्युअल रिव्ह्यूमधला मोठा लेख आहे तो संदर्भाला जवळ ठेव. प्रत्येकाच्या शेवटी कुठलं वर्ष बसलं नाही ते वहीत लिहून ठेव. मग तुझ्या तीन टॉपिकपैकी कुठला त्या यादीतल्या एका तरी वर्षाला हात घालतो ते बघ, एकही घालत नसेल तर चौथा शोधू.

पुढच्या शनिवारी सकाळी ये, दहानंतर, त्याआधी मी फिरायला गेलेली असते. लॅपटॉप आणलास तरी चालेल पण तो पेन्सिलने आखलेला प्रिंट आणायला विसरू नकोस. गाडी गल्लीच्या तोंडाशी लाव, आमच्या इथे आत लावली की शेजारचे काका चिठ्ठी चिकटवतात.

तुझी,
मॅडम